आकडा सांगणारी

९ फेब्रुवारी

मावशी,

"रेघ मी मारतो, पण होडी चालते हिच्या आवाजावर." काका हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. तू होडीच्या टोकाशी उभी होतीस, होकायंत्र डोळ्यासमोर धरून, किनाऱ्यावरची कारखान्याची चिमणी आणि पाण्याची टाकी किती अंशांवर दिसते ते सांगत. "चिमणी, दोनशे चौदा. टाकी, एकशे तीस." काका मांडीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दोन रेघा मारायचे, आणि त्या जिथे छेदतील तिथे बोट टेकवून म्हणायचे, "टकळे, बघ, आपण इथे." मी दर वेळी त्या ठिकाणी वाकून बघायची, आपण तिथे दिसतोय का म्हणून.

आज हे आठवायचं कारण, सोबतचं खोकं. उघडताना जपून, आत टॅब आहे. पाण्याने बिघडू नये म्हणून पिशवी, आणि डोलकाठीला अडकवायचा पट्टाही आहे. आपली होडी कुठे आहे ते त्यावर आपोआप दिसतं, बाण होऊन. आधी रेघ आखून ठेवली तर ती सोडली की टूं टूं वाजतं, आणि एक बाई बोलूनही सांगते, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या.

रागावू नकोस, पण खरं सांगते. मागच्या खेपेला तुमच्या होडीत तो नकाशा उलगडला. केवढी खाडाखोड! एक रेघ मारलेली, ती पुसलेली, शेजारी दुसरी. काही ठिकाणी कागद विरलाय पुसून पुसून. मला वाटलं, वय झालं दोघांचं, हिशेब चुकायला लागलेत. आणि चुकलेला हिशेब कधीतरी तुम्हाला नेऊन दातावर आपटायचा. दात म्हणतात त्या खडकाची भीती मला अजून आहे, भरतीत पाण्याखाली दडून बसतो मेला.

तर आता चिमणी नको, टाकी नको. तू निवांत टेकून बस आणि समुद्र बघ. चाळीस वर्षांत तो तू कधी बघितलाच नसशील, आकड्यांपायी.

तुझी,
टकळी

२४ फेब्रुवारी

टकळे,

तुझं खोकं पोचलं. तुझ्या काकांनी ते उघडायला मला हात लावू दिला नाही. सत्तरीचा माणूस, पण दोन दिवस जेवणाच्या टेबलावरही टॅब. त्यातली बाई "उजवीकडे घ्या" म्हणाली की हे मीठ उजव्या हाताला सरकवतात आणि स्वतःच हसतात.

आता होडीवर दोन बायका झाल्या. एकीचं ऐकतात.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हल्ली तीच पद्धत आहे, ह्यांना चष्मा शोधायचा आळस. नकाशाबद्दल लिहिलंयस तो भाग मात्र गाळला. कशाला उगाच.

मागच्या रविवारी मी गेले नाही, गुडघा धरला होता. हे एकटेच गेले. मी धक्क्यावर उभी राहिले आणि शीड वळणाआड जाईपर्यंत बघत होते. तू म्हणालीस तसं, निवांत समुद्र बघितला. मोठा आहे.

परतले तेव्हा ओल्या बुटांनिशी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "एकटा गेलो आणि एकटा आलो." पंचवीस वर्षांच्या मुलासारखं तोंड झालं होतं, गं. मी फरशी पुसली.

तुझी,
मावशी

६ मार्च

मावशी,

दवाखान्यात दोन रुग्णांच्या मध्ये लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

आधी गुडघा. कुठे दुखतो? आतल्या बाजूला की बाहेरच्या? जिना चढताना जास्त की उतरताना? नीट कळव. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि माझ्याच मावशीचा गुडघा असा वाऱ्यावर! सोबत तीन व्यायाम चित्रांसकट पाठवतेय. पहिला खुर्चीत बसूनच करायचा आहे, त्यामुळे वेळ नाही हे कारण चालणार नाही.

आता काकांसाठी. (हे मोठ्याने वाच.) काका, तुमचा टॅब आणि माझा फोन मी जोडून ठेवलेत. काल डबा खाता खाता मी तुमच्यासाठी एक रेघ आखली. धक्क्यापासून दीपस्तंभाच्या बेटापर्यंत, थेट, एका बोटाने, सर्रकन! आज तुमच्या टॅबवर ती जांभळी दिसेल. फक्त तिच्यावरून चालत राहायचं. सुटली की बाई ओरडेलच. वाढदिवसाला काय देऊ ते सुचत नव्हतं, म्हणून रस्ता दिला. आवडला का सांगा. आणि चष्म्याला दोरी बांधून गळ्यात घाला बघू.

मावशी, तू बेटावर नाही गेलीस तरी चालेल. आराम कर. खरंच सांगते, तुला विश्रांती मिळतेय ह्याचं मला फार बरं वाटतं.

टकळी

२ एप्रिल

टकळे,

गुडघा दोन्ही बाजूंनी दुखतो. मध्येही. चढताना आणि उतरताना सारखाच. व्यायाम करते.

ह्यांनी तुझी रेघ आणखी कुणाकुणाला दाखवली विचार. धक्क्यावरच्या सुताराला, त्याच्या भावाला, बर्फवाल्याला. "भाचीने आखलीय," असं छाती काढून. अजून निघाले नाहीत तिच्यावरून, भरती आणि वारा जुळायची वाट बघतायत. तोवर जवळपासच फिरतात, एकटे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आधी आम्ही परत आलो की जेवताना भांडायचो. मी म्हणायची दोनशे अकरा सांगितलं होतं, हे म्हणायचे सोळा. "तुझा आकडा बायकांच्या वयासारखा, कमीच असायचा." मग मी म्हणायची, "तुमची रेघ तुमच्या नाकासारखी, वाकडीच असायची." जेवण गार व्हायचं. आता हे येतात, जेवतात, टॅब चार्जिंगला लावतात. भांडण नाही. घर कसं शांत.

परवा होकायंत्र घरी आणलं. होडीत पडून गंजेल म्हणून. भाजी चिरून झाली की खिडकीत उभी राहून टाकीचा आकडा घेते. एकशे शहात्तर. रोज एकशे शहात्तरच. टाकी काही हलत नाही आणि मीही.

हे सगळं तुला लिहितेय कारण फोनवर हे शेजारी असतात. पण तू त्यांना काही विचारू नकोस. खूश आहेत. इतके खूश मी त्यांना खूप दिवसांनी बघितलं, आणि ती खुशी मोडायची माझी छाती नाही.

मावशी

११ मे

मावशी,

चार दिवस तू फोन उचलत नाहीस. काकांचा बंद. शेवटी मी धक्क्यावरच्या सुताराला लावला. तो आधी म्हणाला, "सगळं ठीक आहे." मग म्हणाला, "म्हणजे काका ठीक आहेत. होडी माझ्याकडे आहे." मी विचारलं, तुझ्याकडे म्हणजे? तर म्हणाला, दातावर चढली, तळाची फळी फुटली, काकांचं डावं मनगट मोडलं. आणि वर म्हणाला, "मावशींनी सगळ्यांदेखत बोलून टाकलं ना, ते काकांना लागलं."

काय बोलून टाकलंस? ते मात्र तो सांगेना. "तुम्ही त्यांनाच विचारा, ताई."

मी यायला निघाले होते. तिकीट काढलं होतं. मग वाटलं, तू फोन उचलत नाहीस म्हणजे तुला मी यायला नको आहे. मला येऊ नको म्हण, पण म्हण तरी. काका कसे आहेत? टॅब असताना हे झालंच कसं? तो बिघडला का? मी आखलेली रेघ तर होती ना त्यांच्याकडे?

टकळी

१९ मे

टकळे,

येऊ नकोस. निदान आत्ता. तू आलीस तर ह्यांना तुझ्यासमोर हसून दाखवावं लागेल, आणि तेवढं बळ त्यांच्यात नाही.

मनगट जुळेल. वारा फिरला आणि होडी ओढली गेली, असं ह्यांचं म्हणणं. मासेमारीच्या लाँचवाल्यांनी ह्यांना आणलं. होडी आडवी झाली होती आणि हे डोलकाठीला मिठी मारून बसले होते.

सुतार सांगेना ते सांगते. तुला ते मी कधीच सांगणार नव्हते.

तुझ्या काकांना दिसत नाही. सहा वर्षं झाली. आंधळे नाहीत. कडेचं दिसतं, मधलं नाही. किनारा दिसतो, शीड दिसतं, पण आकडा दिसत नाही, अक्षर दिसत नाही, समोरच्याचं तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने व्हायचं नाही. दवाखान्यातून बाहेर आल्यावर पायरीवर बसून हे म्हणाले, "कुणाला कळता कामा नये. टकळीला तर नाहीच." मी म्हटलं, "नाही कळणार."

मग मी आकडा सांगायची आणि हे रेघ मारायचे, पूर्वीसारखीच. पण ती कुठेही जायची, डोंगरावरही. हे शिडाकडे वळले की मी हळूच पुसायची आणि बरोबर मारून ठेवायची. हे परत वळून नकाशावर बोट ठेवायचे, मी बोट धरून जागेवर न्यायची, आणि हे म्हणायचे, "आपण इथे." त्यांना ठाऊक होतं की नाही, मला ठाऊक नाही. एवढ्या वर्षांत विचारलं नाही. तू पाहिलीस ती खाडाखोड हीच.

तुझ्या पत्रातलं ते खाडाखोडीचं मी वाचलं. लिहून कळवायचं होतं, परत घे तुझा टॅब. पण मग का ते सांगावं लागलं असतं. आणि हे इकडे इतके आनंदात. त्या बाईच्या आवाजावर एकटे जायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला पुन्हा दिसायला लागलं. सहा वर्षं ते माझ्या डोळ्यांनी हिंडत होते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी हिंडणं काय असतं ते मला कुठे माहीत? मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून होडी चालवतोय. त्यांना कदाचित वाटत असेल, ही मला चालवतेय. म्हणून गुडघ्याचं काढलं. गुडघा ठणठणीत आहे. तुझे व्यायाम मात्र खरंच केले, तुला फसवते आहे म्हणून निदान तेवढं तरी.

आता ते वाक्य. लाँच धक्क्याला लागली. हे भिजलेले, हात छातीशी धरलेला. सगळे जमले. बर्फवाला म्हणाला, "काय काका, चाळीस वर्षं ह्या पाण्यात आणि दातावर चढलात? डुलकी लागली का?" लोक हसले. हेसुद्धा हसत होते. काहीतरी गंमत करून वेळ मारून नेणार होते, मला त्यांचं तोंड कळतं. पण मला ते हसणं सहन झालं नाही. मी ओरडले, "हसू नका! दिसत नाही त्यांना! सहा वर्षं दिसत नाही!"

बर्फवाल्याने टोपी काढली. तेच फार वाईट झालं, मयतासमोर काढावी तशी टोपी काढली ते.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या आवाजाकडे. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. चहा हवा असेल तर कप टेबलावर दोनदा आपटतात. जन्मभर मी आकडा बरोबर सांगितला, गं, आणि जिथे गप्प बसायचं होतं तिथे बोलले.

होडी विकायला काढलीय. सुतारामार्फत एक गिऱ्हाईक येणार आहे, १० जूनला. हे मला नाही, सुतारानेच सांगितलं.

टॅब परत पाठवतेय. फुटलेला नाही. उघडू नकोस, कुणाला तरी देऊन टाक.

मावशी

३ जून

मावशी,

उघडू नकोस म्हणालीस, म्हणजे तू उघडला होतास.

मीही उघडला. होडी जिथून गेली तिथली वाट तो पाठीमागे लाल रंगात राखून ठेवतो, हे तुला कुणी सांगितलं? मला माहीत होतं, म्हणून आधी तेच बघितलं. माझी जांभळी रेघ धक्क्यापासून बेटाकडे सरळ जाते. काकांची लाल रेघ तिच्यावरून चालते. मग दात यायच्या आधी ती बाहेर वळते. छान मोठा वळसा, तुम्ही दोघं घ्यायचा तसा. चिमणी दोनशे दहाच्या खाली आली की तू "बाहेर!" ओरडायचीस, अगदी त्याच जागी. कुणीही न सांगता काका बाहेर वळले होते.

आणि मग ती परत आत येते. माझ्या रेघेवर. तिथेच थांबते.

मी बोटांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. तेव्हा कुठे दात दिसला, एक बारकी फुली, बरोबर माझ्या रेघेखाली. डबा खात होते तेव्हा मी सगळा किनारा एका पडद्यावर मावेल इतका लहान केला होता. त्यात तो दिसत नाही. आणि मावशी, मला दात आठवला होता. बोट फिरवताना आठवला होता. पण पडद्यावर नव्हता, म्हणून वाटलं, जरा पलीकडे असेल, लहानपणीचं काय नीट आठवतं. काकांनाही असंच वाटलं असेल. हात वळला, बाई ओरडली, टूं टूं वाजलं, आणि त्यांना वाटलं, भाचीने आखलेली रेघ कशी चुकेल, मीच विसरलो.

वारा फिरला नव्हता. त्यांनी सगळ्यांना वारा सांगितला, म्हणजे माझं नाव येऊ नये. आणि लाल रेघ बघूनही तू मला वारा सांगितलास. तुमची चूक होऊ नये म्हणून मी टॅब दिला, आणि तुम्ही दोघं न बोलता, एकाच घरात, माझीच चूक झाकत बसलायत.

मी रोज लोकांना सांगते, दुखतंय तिथे हात लावून दाखवा. तू कागद विरेपर्यंत जिथे हात लावलास, ती जागा मी बघितली आणि तिला म्हातारपण म्हटलं. ह्याचं काय करू, कळत नाही.

आता ह्यापुढचं काकांना मोठ्याने वाच. एक ओळ गाळू नकोस. गाळलीस तर मला कळेल कसं, ते मला माहीत नाही, पण तरी गाळू नकोस.

काका,

तुम्ही वळला होतात. तुम्हाला बरोबर माहीत होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, लाल रेघेत. चुकली ती माझी रेघ. धक्क्यावर येऊन बर्फवाल्यासमोरही हे सांगेन.

तुमच्या नकाशावरच्या रेघा कोण पुसायचं ते मला आता कळलंय. तुम्हाला कधीपासून माहीत होतं, ते विचारत नाही. पण कुणी आपली रेघ पुसतंय हे ज्याला माहीत असतं आणि तरी तो दर रविवारी पेन्सिल घेऊन बसतो, तो काही उगाच बसत नाही.

धक्क्यावर मावशी बोलली ते चुकलं असेल. पण लोक तुम्हाला हसत होते, आणि आकडा चुकला की ओरडायची तिची जुनी सवय आहे. होडी तिच्या आवाजावर चालते, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत.

माझी एक मागणी आहे. गिऱ्हाईक आलं की त्याला चहा द्या आणि थोडं थांबायला सांगा. फळी बसली की एकदा दोघं दातापर्यंत जा. टॅब नको. मावशी आकडे सांगेल. उजवा हात शाबूत आहे, रेघ तुम्हीच मारा. आणि ती वाकडी गेली तर मावशीने ती तुमच्यासमोर पुसावी, सांगून, आणि तुम्ही तिला तिच्या आकड्यांवरून हवं ते बोलावं. वळसा घालून परत या. मग होडी द्या त्याला.

तुम्ही नाही म्हणणार, मला माहीत आहे. नाही म्हणायला हरकत नाही. पण कप आपटून नको, काका. मावशी हे वाचून थांबली की तिच्याकडे तोंड करा, आणि ते 'नाही' तिला म्हणा.

टकळी